गाण्याला गाव विचारणारे डॉक्टर

डॉक्टरांची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांची खोकी कचऱ्यात काढली म्हणून.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला राहायला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. त्या इमारतीत सगळे भाडेकरू मिळून वर्षातून एकदा श्पेर्म्यूल बोलवायचे. म्हणजे मोडके पलंग, गाद्या, कपाटं असलं अवजड सामान संध्याकाळी फुटपाथवर मांडून ठेवायचं आणि सकाळी गाडी येऊन ते घेऊन जाते. नव्या शेजाऱ्यांवर छाप पाडायची ही नामी संधी, असं मला वाटलं. तळघरात उतरलो, तर कपडे वाळवायच्या खोलीत भिंतीला टेकून दोन अगडबंब लाकडी खोकी उभी होती. आत काही नाही, आणि पुढच्या फळीला मोठमोठी गोल भोकं. मी ताबडतोब ओळखलं. शू-रॅक! बुटांना हवा लागावी म्हणून भोकं. हा देश कशाकशाची काळजी घेतो, असं कौतुकही मी केलं.

"अरे, कुणाला विचार तरी," बायको म्हणाली.

"विचारायचं काय? भंगार आहे," मी म्हणालो. मोठ्या निर्णयांच्या वेळी माझा आवाज असा खणखणीत लागतो.

दोघांनी धापा टाकत ती खोकी जिन्यावरून वर आणली, फुटपाथवर ठेवली. मी हात झटकतोय तोच इमारतीतून एक गृहस्थ "हाल्ट! हाल्ट!" ओरडत धावत आले. अंगात बनियन, खाली हाफ पँट, एका पायात चप्पल. येऊन त्यांनी एका खोक्याला मिठीच मारली.

मी हळू आवाजात बायकोला म्हणालो, "अगं, वेडा दिसतोय. तू आत जा."

मिठी न सोडता गृहस्थ मराठीत म्हणाले, "वेडा तर आहेच भाऊ. पण आधी ते टोक धरा."

मग आम्ही ती खोकी पुन्हा खाली नेली. मी शू-रॅक समजलो होतो हे कळल्यावर ते जिनाभर हसत होते. "किती पायांचे लोक राहतात तुमच्याकडे?" असं प्रत्येक वळणावर विचारत होते. ती लाउडस्पीकरची खोकी होती. स्वतः फळ्या कापून, खिळे न वापरता, सरस लावून केलेली. आतले स्पीकर दुरुस्तीला गेले होते.

पुढे काही वर्षं आम्ही शेजारी होतो. आता ते येना नावाच्या दुसऱ्या गावी असतात. पण आमच्या घरात रेडिओवर एखादं नवं गाणं लागलं की कुणी ना कुणी त्यांचा प्रश्न त्यांच्याच नागपुरी हेलात विचारतं, "पण याचं गाव कोणतं?"

हा त्यांचा छंद. कुठलंही गाणं कानावर पडलं की आधी गाव विचारायचं. सुपरमार्केटमध्ये बटाटे निवडताना हात थांबायचा, मान वर जायची. "ढोल क्युबाचा आहे, गाणारी बाई इथली. लग्न कुठं जमलं असंल?" दाताच्या डॉक्टरकडे, तोंडात कापूस असताना, त्यांनी नर्सबाईंना खुणेने विचारलं होतं म्हणे. "गाण्याला जात विचारू नये," ते म्हणायचे. "गाव जरूर विचारावं. मग ते आपल्याशी बोलतं."

पोटापाण्याला ते एका संस्थेत आवाज मोजायचं काम करत. नीट सांगायचं तर आवाज मोजणारी यंत्रं बरोबर मोजतात की नाही, हे मोजायचं. त्यातच डॉक्टरेट. पण आपल्या लोकांत 'डॉक्टर' म्हटल्यावर पुढचं कोण विचारतो? माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी यांच्यापुढे गुडघा केला. डॉक्टर जराही गडबडले नाहीत. खिशातून आवाजाचा मीटर काढला, सासूबाईंना पाय दुमडायला आणि सरळ करायला लावला, आणि गंभीरपणे म्हणाले, "आई, कटकट आहे, पण फार मोठी नाही. तरी एकदा हाडाच्या डॉक्टरला दाखवून घ्या."

तो मीटर त्यांच्या खिशात कायम असे. आमच्या कुकरची शिट्टी त्यांनी मोजली होती, माझं घोरणं मोजायची तयारी दाखवली होती (बायकोचा पूर्ण पाठिंबा होता), आणि एकदा मंडळाच्या कार्यक्रमात अध्यक्षांचं भाषण चालू असताना मीटर पाहून शेजाऱ्याला म्हणाले, "आवाज भरपूर आहे हो. त्यात काही सापडून राहिलं काय?"

दिवसभर जगाचा गोंगाट मोजणाऱ्या माणसाने घरी येऊन स्वतःच्या उंचीचे स्पीकर बनवावेत, याचं मला कोडं पडायचं. एकदा विचारलं. तेव्हा ते वडिलांबद्दल बोलले.

नागपूरच्या पलीकडे एका तालुक्याच्या गावात वडिलांचा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा. एक अँप्लिफायर, दोन कर्णे आणि तशीच दोन लाकडी खोकी. लग्न, बारसं आणि बाबासाहेबांची जयंती. "आमच्या वस्तीला सभागृह कोण देणार होतं भाऊ? मग चौक हेच सभागृह. विजेच्या खांबावर आकडा टाकायचा, खोकी लावायची, झालं. जलसा तिथंच, भाषण तिथंच, नाच तिथंच." आणि रेकॉर्ड बदलायच्या मधल्या वेळात वडील माइकवर बोलायचे. साधं नाही, यमक जुळवून. जेवणाची पंगत, कुणाची हरवलेली चप्पल, सगळ्याच्या घोषणा तालात. डॉक्टरांना एक पाठ होती, एका सापडलेल्या मुलाची:

"निळा सदरा, केस कुरळे,
माय रडे तिकडं, अन् हे इथं खेळे!"

ते मूल डॉक्टर स्वतः होते. बापाने आपल्याच पोराची घोषणा केली होती, कारण माइकजवळून हलायला त्यांना वेळ नव्हता.

इथे मला आमच्या मुलीला आणावं लागेल. ती तेव्हा पंधरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. कानांवर हेडफोन आणि हेडफोनमध्ये सतत रॅप. डॉक्टरांबद्दल तिचं मत एका शब्दाचं होतं, "कोमिश." म्हणजे विचित्र. एका रविवारी डॉक्टर जेवायला आले होते. त्यांनी नेहमीप्रमाणे हेडफोनकडे बोट दाखवून विचारलं, "याचं गाव कोणतं?"

"न्यूयॉर्क," ती म्हणाली. पुढचं जर्मनमध्ये, की हे अगदी लहान पोरालाही माहीत असतं.

"गेनाऊ," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या तोंडी 'अगदी बरोबर' म्हणणारा हा जर्मन शब्दसुद्धा नागपूरचाच वाटायचा. "बाळंतपण न्यूयॉर्कला झालं. ब्राँक्समध्ये, गरिबांच्या वस्तीत. पण पोराला आजोळं किती ते पाहा नं!"

आणि त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर जगाचा नकाशा मांडायला सुरुवात केली. दह्याचं भांडं न्यूयॉर्क. लोणच्याची बरणी जमैका. "इथली माणसं पोट भरायला इथं आली." त्यांनी लोणचं दह्याजवळ नेलं. "येताना काय आणलं? मोठ्ठ्या खोक्यांची सवय. किंग्स्टनच्या गल्ल्यांत अशी खोकी लावून रस्त्यावर नाच चालायचे, आणि खोकीवाला गाण्यावर स्वतःची बडबड जोडायचा. तेच त्यांच्या पोरांनी ब्राँक्समध्ये सुरू केलं. वीज कुठून? रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून!"

"आकडा!" मी म्हणालो.

"आकडा! हे तुम्हाला बरोबर समजलं." मग मिठाची वाटी पोर्टो रिको झाली, तिथले हाताने वाजवायचे ढोल आणि तिथली नाचणारी पोरं. कोशिंबीर म्हणजे अमेरिकेची दक्षिण. तिथले चर्चमधले तालात बोलणारे पाद्री आणि रेडिओवरचे यमक जुळवणारे निवेदक. "आणि गंमत अशी, की हा रेडिओ समुद्रापलीकडे जमैकातही ऐकू यायचा. म्हणजे कोशिंबिरीनं आधी लोणच्याला शिकवलं, अन् मग लोणचं दह्यात आलं."

"अहो डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या, "तुमचं जमैका जरा इकडे सरकवा. भात कोरडा जातोय."

डॉक्टरांनी अदबीने बरणी दिली आणि माझा कॉफीचा मग उचलून टेबलाच्या पार टोकाला ठेवला. "आणि हे?"

सगळे मगाकडे पाहू लागले.

"हे आपण. जर्मनी! ऱ्हाइनच्या काठावर टाय लावलेले चार शिस्तीचे लोक यंत्रांतून टकटक संगीत काढत होते. त्यांना वाटलं, भविष्यकाळ असा वाजेल. ती रेकॉर्ड ब्राँक्समध्ये पोचली अन् पोरं म्हणाली, अरे, याच्यावर तर नाचता येते! आता बोला. ज्यांनी केलं त्यांना बहुतेक कधी नाचता आलं नसंल."

मुलीने एका कानावरचा हेडफोन काढला. आमच्या घरात तेव्हा ही मोठी घटना होती.

डॉक्टरांनी तिकडे पाहिलंच नाही. ते परतीच्या प्रवासाचं सांगू लागले. हे सगळं मिसळून तयार झालेलं पोर अमेरिकन सैनिकांच्या क्लबांतून आणि सिनेमांतून पुन्हा जर्मनीत कसं आलं, आणि ते इथे कुणी उचललं, तर तुर्कस्तानातून कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांच्या मुलांनी. "त्यांना शाळेत विचारत होते, तुम्ही परत कधी जाणार? पोरं म्हणाली, थांबा, माइक द्या, मग सांगतो."

हा प्रश्न आमच्या मुलीलाही वर्गात विचारला गेला होता. ते डॉक्टरांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी तिच्या पानात उगाच थोडा भात वाढला.

"म्हणजे मग ते नक्की कुणाचं?" तिने विचारलं. जर्मनमध्येच, पण विचारलं.

"ज्याला खांबापर्यंत वायर नेता येते, त्याचं," डॉक्टर म्हणाले आणि दही वाढून घेतलं.

त्यांचं एकच दुःख होतं. खोकी तयार होती, स्पीकर दुरुस्त होऊन आले होते, पण ती कधी मोकळ्या जागेत वाजली नव्हती. तळघरात ते रविवारी दुपारी दार लावून अगदी कुजबुजत्या आवाजात लावायचे. "खोकं मैदानात ऐकायचं असते," ते म्हणत. "तळघरात ऐकणं म्हणजे घोडा जिन्यात पळवणं." वडिलांची खोकी धंद्याबरोबर केव्हाच विकली गेली होती. ही त्यांनी आठवणीतल्या मापाने केली होती. तो लहानपणीचा चौकातला, पोटात घुमणारा आवाज आपल्याला बरोबर जमला की नाही, हे जगातली आवाजाची यंत्रं तपासणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं.

आणि मग खोकीच जायची वेळ आली. इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या हाउसफेरवाल्टुंगने कळवलं, की वाळवणाच्या खोलीत खाजगी सामान ठेवायचं असेल तर सगळ्या भाडेकरूंची संमती हवी, नाहीतर महिनाअखेर ते हलवा. डॉक्टरांचं घर दीड खोलीचं. खोकी वर नेली तर डॉक्टरांना जिन्यात झोपावं लागलं असतं.

सगळ्यांनी हो म्हटलं. राहिल्या त्या तळमजल्यावरच्या आजी. एकट्या राहायच्या, सत्तरीच्या पुढच्या, ताठ कण्याच्या. दुपारच्या शांततेच्या वेळेत कुणाच्या हातून चमचा पडला तरी त्यांच्या खिडकीचा पडदा हलायचा. डॉक्टर, बायको आणि मी त्यांच्याकडे गेलो. मी माझ्या जर्मनमध्ये मोठं प्रास्ताविक केलं. शेवटपर्यंत ऐकून घेतल्यावर त्या डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "हे गृहस्थ काय म्हणाले?"

डॉक्टरांनी सांगितलं. आजी म्हणाल्या, "ऐकल्याशिवाय मी नाही म्हणणार नाही. ते न्यायाचं होणार नाही. होफफेस्टला खोकी अंगणात लावा. मी ऐकेन, मग नाही म्हणेन."

होफफेस्ट म्हणजे उन्हाळ्यात अंगणात सगळे शेजारी बाकं टाकून, सॉसेज भाजून, सॅलडची भांडी मांडून जमतात ते. डॉक्टरांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं त्यांना 'नाही म्हणेन' ऐकूच आलं नाही. म्हणाले, तुमच्या बेडरूममध्ये मीटर ठेवतो, आवाज किती येतो ते आकड्यात दिसेल.

"आकडे मला कळत नाहीत," आजी म्हणाल्या. "तुम्ही तिथे माझ्यासमोर खुर्चीवर बसायचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि मग माझ्या तोंडावर सांगायचं, की याचा त्रास होत नाही."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. खोकी पहिल्यांदा मैदानात वाजणार आणि ते आत बसणार, खिडकी लावून. त्यांनी दोन-तीनदा मीटरचं झाकण उघडलं, बंद केलं. मग म्हणाले, "जा. बरोबर आहे तुमचं." हा 'जा' जर्मन होता, म्हणजे 'हो'.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही नाही म्हणायचं होतं."

"वहिनी, त्यांना झोपायचं आहे तिथं. मला नुसतं ऐकायचं आहे."

त्या दिवशी खोक्यांचा ताबा माझ्याकडे आला. मी सॉफ्टवेअरचा माणूस, त्यामुळे बटणं पाहिली की उगाच आत्मविश्वास येतो. डॉक्टरांनी मला एकच काम दिलं होतं, फोन कानाला लावून ठेवायचा आणि ते सांगतील तसा बेस कमी-जास्त करायचा. मी पहिलंच बटण असं फिरवलं, की सॅलडमधले काकडीचे काप थरथरले आणि वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या हातातलं सॉसेज खाली पडलं.

"भाऊ, कमी करा! कपाट वाजून राहिलं इथं!" फोनवर डॉक्टर.

केला.

"आणखी. आता ठीक. आता काय लावलं?"

"तुमचा नुसता ताल. ढोलाचा तुकडा. पुन्हा पुन्हा तोच येतोय."

"मग कुणीतरी बोला नं त्याच्यावर! खोकी लावली अन् माणूस बोलला नाही, तर ते फर्निचर आहे."

मी माइक उचलला. म्हणालो, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग." पुढे काही सुचेना. पुन्हा म्हणालो, "हॅलो." अंगणभर शेजारी माझ्याकडे दयेने पाहत होते. तेवढ्यात माझ्या हातातून कुणीतरी माइक काढून घेतला. आमची कन्या.

तिने जर्मनमध्ये सुरुवात केली. एकेका मजल्याची ओळख, कुणाची सायकल कुठे आडवी असते, कुणाच्या केकमध्ये साखर विसरते, सगळं यमकात. लोक हसायला लागले, बाकांवर ताल धरायला लागले. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि एकदम मराठीत वळली. बहुधा बापाचा अपमान परक्यांना कळू नये एवढं घरचं वळण होतं:

"दुसऱ्या मजल्यावर राहतो बाबा,
बटण दिसलं की सुटतो ताबा!
भोकं पाहून म्हणाला रॅक,
डॉक्टर धावले, आणली बॅक!"

माझी सासू टाळ्या पिटत होती. मला वाटलं, रागवावं. पण गेल्या दोन वर्षांत ती माझ्याशी सलग एवढं मराठी बोलली नव्हती. मी उगाच वायर तपासायला वाकलो.

फोनमधून डॉक्टर ओरडत होते, "काय म्हणाली? काय म्हणाली ती? इथं नुसता धपधप येऊन राहिला!"

आणि मला माझ्याबद्दलच्या त्या चारही ओळी, सुरात, फोनवर म्हणून दाखवाव्या लागल्या.

"बाप्पा!" ते म्हणाले. मग विचारलं, "खोकी कशी वाजून राहिली? बाहेर?"

मी काय सांगणार? मला बेस आणि बुटांचं कपाट यातला फरक नुकताच कळलेला. म्हणालो, "लहान पोरं समोर येऊन उभी आहेत. हलतच नाहीत. पोटावर हात ठेवून उभी आहेत."

"पोटावर?" ते म्हणाले. "मग बरोबर वाजून राहिली."

आत काय झालं ते त्यांनी नंतर सांगितलं. आजींनी केक आणि कॉफी ठेवली होती. दोघं समोरासमोर खुर्च्यांवर, मधे पलंग. कपाटाची काच वाजत होती, तिथे डॉक्टरांनी कागदाची घडी खोचली. ताल बंद झाल्यावर आजींनी विचारलं, "आता सांगा. त्रास होतो की नाही?"

डॉक्टरांनी मीटर पाहिला. आकडा नियमात बसत होता. त्यांनी मीटर खिशात ठेवला आणि म्हणाले, "होतो. थोडा होतो."

खोकी आता जाणार, हे त्यांना तेव्हाच समजलं होतं.

आजींनी त्यांच्या बशीत आणखी एक केकचा तुकडा ठेवला. "मलाही थोडाच वाटला," त्या म्हणाल्या. "थोडा चालेल. खोकी राहू देत. पण वर्षातून एकदाच, आठच्या आत. आणि दर वेळी तुम्ही इथे बसायचं. नाहीतर मला खरं कोण सांगणार?"

सगळं आवरून झाल्यावर डॉक्टर अंगणात आले तेव्हा वायरी गुंडाळलेल्या होत्या. त्यांनी खोक्यांवर एकदा हात फिरवला आणि ही अट आम्हाला सांगितली, अगदी खुशीत. खोकी वाचली होती. दर वर्षी ती मैदानात वाजणार होती आणि दर वर्षी हा माणूस आत बसून केक खाणार होता. मी म्हणालो, "हा काय न्याय झाला?" ते म्हणाले, "भाऊ, माझ्या बापानंही कधी समोर उभं राहून ऐकली नाहीत. तो मागंच असायचा, माइकपाशी." आणि मुलीला त्या चार ओळी पुन्हा म्हणायला लावून, पाठ करत वर गेले.

घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, की मला डॉक्टरांचं फार वाईट वाटतंय.

ती सॅलडचं भांडं घासत होती. मान वर न करता म्हणाली, "मग पुढच्या वर्षी आजींकडे तू जाऊन बस. तुला खोटं बोलता येत नाही, कारण तेवढं जर्मन येत नाही. केक तुला आवडतो. आणि तू अंगणात नसलास तर आमचं काही अडणार नाही."